लारचे दोन गुण

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी शेजारची कॉन्सेप्टा ब्रॅकन आली आणि ही वही टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, "डिनी, यंदा प्रश्नमंजुषेला चाळीस वर्षं होतात. प्रश्न तूच काढायचेस. सुचला की इथे लिहीत जा, नाहीतर विसरशील."

मी म्हटलं, "एकतीस वर्षं या टलामोर गावात टपाल वाटलं. एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. मी विसरतो होय?"

"तू नाही विसरत, हीच तर तुझी खोड," म्हणाली आणि गेली. या बाईला शेवटचा शब्द आपला असावा लागतो.

शनिवार, १० मे, दुपारी तीन वाजता, पॅरिश चर्चच्या हॉलमध्ये. म्हाताऱ्यांना रात्री बाहेर पडवत नाही म्हणून दुपारी. एका टेबलावर चौघं, दहा प्रश्नांच्या आठ फेऱ्या, मध्ये चहा आणि हॅमचे सँडविच. सगळे प्रश्न गावाबद्दलचे, लोकांना ठाऊक नसलेले. आणि परीक्षकाचा निर्णय अंतिम.

लार खिडकीपाशी बसून आमचं बोलणं ऐकत होता. ती गेल्यावर कुत्र्याला म्हणाला, "बिशप, त्याला सांग, चहा गार होतोय."

मी म्हटलं, "बिशप, त्याला सांग, मला दिसतोय."

शनिवार, ८ फेब्रुवारी

वही एकदा हातात घेतलीच आहे तर जे आहे ते लिहून टाकतो. लार माझा थोरला भाऊ. तो सत्त्याहत्तर, मी चौऱ्याहत्तर. दोघंही बिनलग्नाचे, कालव्याकाठच्या याच घरात जन्मलो आणि याच घरातून जाणार. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. जे बोलायचं ते बिशपला सांगायचं. हा तिसरा बिशप. पहिला आईने आणला होता. पंधरा दिवस ती आमचे निरोप इकडून तिकडे करत राहिली, मग एके दिवशी कुठूनसं एक पिल्लू घेऊन आली आणि म्हणाली, "मी टपालखात्यात नाही. काय सांगायचं ते याला सांगा."

भांडण कशावरून? तर एका फुग्यावरून. गावाच्या बोधचिन्हावर फिनिक्स पक्षी आहे, राखेतून उठणारा. १७८५ साली, १० मे रोजी, आमच्या गावात गरम हवेचा फुगा उडवला. तो बराकीच्या धुराड्याला आपटला, पेटला, आणि पॅट्रिक स्ट्रीटची गवती छपरं सुकी असल्यामुळे शंभरएक घरं जळून गेली. जगात विमानं यायची होती तेव्हा आम्ही आकाशातून पडलेल्या आगीत गाव जाळून मोकळे झालो होतो. एरवी आम्ही कशातच पहिले येत नाही, पण यात आलो.

१९८५ साली त्या आगीला दोनशे वर्षं झाली म्हणून पहिली प्रश्नमंजुषा झाली. परीक्षक मी. चौतीस वर्षांचा, नवा कोट, हातात माइक. शेवटचा प्रश्न दोन गुणांचा होता: फुगा कोणत्या निमित्ताने उडवला? माझ्या कार्डावर उत्तर होतं, गावच्या जमीनदाराच्या एकविसाव्या वाढदिवसानिमित्त. गावातलं शेंबडं पोरही तेच सांगतं. सगळ्या टेबलांनी तेच लिहिलं. एका टेबलाने सोडून. लारने लिहिलं होतं, "वाढदिवसानिमित्त नव्हे. तो ३० जूनला एकवीसचा झाला."

मी शून्य दिलं. तो जागेवरून उठला. म्हणाला, "डिनी, तारीख बघ." मी माइकमधून म्हणालो, "परीक्षकाचा निर्णय अंतिम आहे, आणि सख्ख्या भावालाही लागू आहे." हॉल हसला. लारचं टेबल एका गुणाने हरलं. चषक बँकेतल्या लोकांनी नेला. ते तर गावचेसुद्धा नव्हते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज चार प्रश्न झाले.

तुरुंगाच्या दगडी दरवाजामागे पुढे काय उभं राहिलं? (सूतगिरणी.) कालवा डब्लिनहून आमच्या गावापर्यंत कधी पोचला? (१७९८. आणि पुढची सहा वर्षं इथेच थांबला, त्यामुळे आम्ही जगाचं टोक होतो.) जिल्ह्याचं मुख्य ठाणं आमच्याआधी कोणतं होतं? (डेंगन. तिथली माणसं अजून आमच्यावर रुसलेली आहेत.) गावाबाहेरच्या किल्ल्याच्या मालकांपैकी एव्हरेस्टची वाट शोधायला गेलेल्या पहिल्या मोहिमेचा म्होरक्या कोण?

हा शेवटचा प्रश्न लारचाच. आम्ही लहान असताना किल्ल्याच्या रानातल्या त्या थोरल्या ओकच्या झाडाखाली तो मला हे सांगायचा. झाडाची फांदी पडली की किल्ल्यातलं एक माणूस जातं, असं लोक म्हणतात. मी घाबरून फांद्या मोजत बसायचो आणि लार सांगायचा की इथल्या घरातला माणूस जगातल्या सगळ्यांत उंच डोंगरापर्यंत जाऊन आला, तेव्हा डिनी, तू निदान या ओंडक्यावर तरी चढ. मला गावाबद्दल जे काही येतं ते सगळं त्याने शिकवलेलं. आणि माइक धरला मी.

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. १९८५ ची ती प्रश्नमंजुषा शुक्रवारी होती; चौथ्या दिवशी, मंगळवारी, टपाल लवकर आटोपून मी वाचनालयात गेलो. जाडजूड वंशावळीत जमीनदाराची जन्मतारीख होती: ३० जून १७६४. म्हणजे १० मेला त्याला एकविसावं लागायला सात आठवडे बाकी होते. सात आठवडे आधी कोण वाढदिवस करतं? लार बरोबर होता. मी पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि घरी येऊन जेवलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा वाटलं होतं, तो आधी बोलला की सांगू. तो बोलला नाही. मग वर्ष गेलं, मग आई गेली, मग पहिला बिशप गेला. आता काय सांगायचं?

शनिवार, १ मार्च

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी साडेसात. मी ब्रेड कापत होतो. लार आत आला, कपाट उघडलं आणि म्हणाला, "डिनी, साखर संपली का रे?"

मला. थेट मला. बिशप टेबलाखालून उठून उभा राहिला, त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

मी म्हणालो, "वरच्या फळीवर आहे." चाळीस वर्षांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे. यापेक्षा बरं काही सुचायला हवं होतं.

दिवसभर तो बोलत होता. पावसाबद्दल, कालव्यावरच्या बगळ्याबद्दल, कॉन्सेप्टाच्या टोपीबद्दल. भांडणाबद्दल अवाक्षर नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण याचा पीळ शेवटी सुटला. खरं सांगायचं तर मी जिंकलो असं मला वाटलं. मग बाहेर लाकडं आणायला गेलो आणि तिथे उभा राहून रडलो.

मंगळवार, ४ मार्च

उद्यापासून ईस्टरपर्यंत उपास, म्हणून आज पॅनकेक. लारने केले. लिंबू आणि साखर, आई करायची तसे कडेला जळके. टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. त्यालाही आईची आठवण येत असणार.

जेवल्यावर कालव्याच्या गप्पा. साठ सालापर्यंत मालाच्या होड्या चालत, तेव्हा तो बारा वर्षांचा. कोणत्या होडीवर कोण माणूस, कुणाचा हात मोडलेला, कोण मला पुलाखाली शिव्या शिकवायचा, सगळं त्याला तोंडपाठ. मला निम्मंही आठवत नव्हतं. इतका हसलो की बिशप भुंकायला लागला.

वाढदिवसाचं सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. पण म्हटलं, दुधात मीठ का कालवायचं? दहा मेला सगळ्या हॉलसमोर सांगीन. अपमान माइकमधून केला, माफीही माइकमधून मागावी.

सोमवार, १७ मार्च

सेंट पॅट्रिकची मिरवणूक. पण मिरवणुकीच्या आधीच आमच्याकडे तमाशा झाला. सकाळी आठला कॉन्सेप्टा लारला हाताला धरून घेऊन आली. तो तुरुंगाच्या दरवाजासमोर उभा होता, हातात सँडविचचा डबा.

"गिरणीचा भोंगा झाला नाही अजून," लार म्हणाला.

लार कामाला होता ती गिरणी बंद पडून चाळीस वर्षं उलटली. आता त्या दरवाजामागे दुकानं आहेत. मी हसलो. "लार, आज सुट्टी आहे, म्हणून भोंगा नाही." त्यालाही पटलं आणि तो हसला. लार पहिल्यापासून असा, चेहरा गंभीर ठेवून चेष्टा करणारा.

कॉन्सेप्टा हसली नाही. मला अंगणात घेऊन गेली. "डिनी, तो तुझ्याशी कधीपासून बोलतोय?"

"महिन्याच्या सुरुवातीपासून. का? तुला काय त्रास?"

"आणि का बोलायला लागला, हे विचारलंस त्याला?"

"मोठा भाऊ आहे. मन मोठं केलं त्याने."

"डॉक्टरकडे घेऊन जा त्याला," म्हणाली.

मी तिला सांगितलं की त्याचं डोकं गावातल्या सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा ठणठणीत आहे, आणि तिचं धरून. ती गेली. जाताना दार आपटलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बुधवार, १९ मार्च

लारची परीक्षा घेतली. कालवा? सतराशे अठ्ठ्याण्णव. आग? सतराशे पंच्याऐंशी, दहा मे. शेजारच्या दरो गावातल्या मठातला जुना हस्तलिखित ग्रंथ ज्या शेतकऱ्याकडे होता तो त्याचं काय करायचा? "पाण्यात बुडवून ते पाणी आजारी गुरांना पाजायचा," लार म्हणाला, "आणि गुरं बरी व्हायची, डिनी. ग्रंथाचं काय झालं ते कुणी विचारत नाही." दहापैकी दहा. मला इतका आनंद झाला की कॉन्सेप्टाच्या दारावर जाऊन सांगणार होतो.

मग सहज विचारलं, दुपारी काय जेवलो?

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाला, "आई सांगेल."

गुरुवार, ३ एप्रिल

डॉक्टरीणबाई तरुण आहे, मृदू बोलते. तिने लारला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: सफरचंद, टेबल, नाणं. पाच मिनिटांनी विचारले. लार म्हणाला, "ते सोडा हो. एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेचा म्होरक्या आमच्या किल्ल्याचा मालक होता, हे तुम्हाला माहीत आहे का?" तिने लिहून घेतलं. मला वाटतं, दुसरंच काहीतरी लिहून घेतलं.

मग मला एकट्याला बोलावलं. जुनं सगळ्यांत शेवटी जातं, म्हणाली. मधलं आणि अलीकडचं आधी जातं.

गाडीतून परत येताना लार खिडकीतून मेंढरं मोजत होता आणि मी हिशोब लावत होतो. मार्चच्या एक तारखेला त्याने मला माफ केलं नाही. तो विसरला. भांडणच विसरला. मी जिंकलो नव्हतो, आणि त्याचं मन मोठं झालं नव्हतं, ते रिकामं होत चाललं होतं. आणि मी मूर्खासारखा महिनाभर खूश होतो.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. चर्चहून आलो, कोकराचं मांस केलं. कॉन्सेप्टा जेवायला होती. मी अंगणात जाऊन तिची माफी मागितली आणि तिला सगळं सांगितलं, वाचनालयातल्या त्या मंगळवारसकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"चौथ्या दिवसापासून."

"गाढवा."

"ते झालंच. आता करू काय? माफी मागायची तर आधी भांडणाची आठवण करून द्यावी लागेल. आणि त्याला आठवलं, आणि परत तो गप्प झाला तर? दीड महिना झाला बोलतोय माझ्याशी, कॉन्सेप्टा. किती दिवस राहिलेत कोण जाणे. ते मी फुंकून टाकू?"

"नाहीच सांगितलंस तर?"

"तर तो शून्य गुण घेऊन जाईल."

आतून लारची हाक आली, "डिनी, ताटं कोण घासणार?" चाळीस वर्षं लारने मला नावाने हाक मारली नव्हती. ती हाक सोडायची माझी तयारी नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

शुक्रवार, ९ मे

प्रश्न तयार आहेत. आठव्या फेरीतला दहावा प्रश्न कार्डावर तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी तोच राहू दिला.

रात्रभर डोळा लागणार नाही, ते दिसतंच आहे.

शनिवार, १० मे

बावीस टेबलं. कॉन्सेप्टाच्या टेबलावर ती, तिची बहीण, बेकरीवाला हेन्सी आणि लार. लारला मी नवा शर्ट घातला होता. सहाव्या फेरीपर्यंत त्यांचं टेबल सगळ्यांच्या पुढे. जुनं काहीही विचारा, लार मान न उचलता सांगायचा आणि हेन्सी लिहायचा. मधल्या चहाला तो मला विचारून गेला, "इथे कशासाठी आलोय आपण?" मी सांगितलं. "वा," म्हणाला, "मला आवडतं हे."

मग आठवी फेरी, दहावा प्रश्न. मी माइक धरला. "सतराशे पंच्याऐंशीच्या दहा मेला जो फुगा उडाला, तो कोणत्या निमित्ताने? दोन गुण."

हॉलमध्ये खसखस पिकली. हा प्रश्न सगळ्यांना पाठ आहे. सगळे लिहू लागले. लारने हेन्सीच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. मान खाली घालून त्याने हळूहळू लिहिलं.

कागद माझ्याकडे आला. "वाढदिवसानिमित्त नव्हे. तो ३० जूनला एकवीसचा झाला." तेच अक्षर. शब्दही तेच.

मी उभाच होतो, पण उठून उभं राहिल्यासारखं वाटलं. म्हटलं, "चाळीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये याच उत्तराला मी शून्य दिलं होतं. उत्तर बरोबर होतं. फुगा कशासाठी उडवला ते मला आजही माहीत नाही, पण त्या वाढदिवसासाठी तर नव्हेच. चार दिवसांनी मी वाचनालयात जाऊन तारीख बघितली आणि कुणाला सांगितलं नाही, कारण मला माझं हसं झालेलं नको होतं. परीक्षकाचा निर्णय चुकीचा होता. लार स्कॅलीच्या संघाला दोन गुण. आजचे दोन, आणि १९८५ चे दोन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी लारकडे बघत होतो. तो माझ्याकडे बघत होता, अगदी सरळ, आणि त्याचा चेहरा बदलला. बंद झाला. तो चेहरा मला ओळखीचा होता. गेली चाळीस वर्षं न्याहारीला माझ्यासमोर तोच असायचा.

चषक त्यांनाच मिळाला. कॉन्सेप्टाने तो लारच्या हातात दिला. कालव्याच्या कडेने घरी चालत आलो, तो चषक काखेत मारून पुढे, मी दहा पावलं मागे. एक शब्द नाही. पाण्यावर अजून भरपूर ऊन होतं. मी मनात म्हणत होतो, झालं. गमावलं. पण गुण त्याचे होते, ते त्याला द्यायलाच हवे होते.

घरी आल्यावर मी चहा केला. त्याने चषक टेबलावर ठेवला, बसला. बिशप मध्ये येऊन बसला, त्याच्या जुन्या जागेवर.

लार कुत्र्याला म्हणाला, "बिशप, त्याला सांग, चाळीस वर्षं लागली."

मी म्हटलं, "बिशप, त्याला सांग, चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं. माझ्यात सांगायची हिंमत नव्हती. आईसमोर सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. त्याला सांग, मला माफ कर."

लारने चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. चषकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग खिडकीतून कालव्याकडे बघत राहिला. मी थांबलो. घड्याळात सहा वाजल्याचं मला आठवतंय.

मग तो माझ्याकडे वळला. चेहरा पुन्हा मोकळा, मार्चपासूनचा.

"डिनी," तो म्हणाला, "कुत्र्याशी काय बोलत बसलास? मी इथे आहे की."